मिस्किटो पाणबुडे आणि कमरेखालचा पक्षाघात : इजा मज्जारज्जूलाच का होते?

उधाण

होंडुरासच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, निकाराग्वाच्या सीमेला लागून, ला मॉस्किटिया नावाचा दलदलीचा प्रदेश आहे. तेथील मिस्किटो समाजातील पुरुष गेली अनेक दशके पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रतळावरची शेवंड पकडत आले आहेत. ही शेवंड बहुतांशी अमेरिकेत निर्यात होते. मोठी बोट अनेक दिवस समुद्रात राहते. सकाळी प्रत्येक पाणबुड्या एका लहान होडीतून, वल्हवणाऱ्या मुलासह, दूर जातो आणि दिवसभरात दहा-बारा टाक्या, कधी त्याहूनही अधिक, संपवतो. उथळ पाण्यातली शेवंड विरळ झाल्यामुळे बुड्या आता ३० ते ४० मीटरपर्यंत जातात. खोली मोजण्याचे साधन जवळ नसते आणि पैसे मिळतात ते पकडलेल्या वजनावर. त्यामुळे त्या किनाऱ्यावर कुबड्या किंवा चाकांची खुर्ची घेऊन जगणारे, ऐन उमेदीतले शेकडो पुरुष आहेत.

यांपैकी ४२ पाणबुड्यांचे प्रकरण आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने होंडुरास सरकार आणि पीडित यांच्यातील समझोत्यावर शिक्कामोर्तब केले आणि खासगी मालकांच्या बोटींवर देखरेख न ठेवल्याबद्दल राज्यसंस्था जबाबदार असल्याचे मान्य केले. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पाणबुड्याच्या पक्षाघाताला ‘अपघात’ म्हणून सोडून देण्याची जी सवय आहे, तिला त्याने नकार दिला.

मला येथील जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे की खोल पाण्यातून वर आल्यावर होणाऱ्या या आजारात (डीकम्प्रेशन सिकनेस) पाय आणि लघवीवरचे नियंत्रणच वारंवार का जाते, म्हणजे मज्जारज्जूच का सापडतो. आणि नेत्राणी, अंदमान, लक्षद्वीप येथे जाणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांना यातले काय माहीत असायला हवे?

प्रश्नांकित

माझी प्राथमिक शंका आहे. एवढ्या खोलीवर पाण्याच्या दाबाने मणक्यावर भार येऊन ही इजा होते का?

न्यूरोवैद्य

नाही. शरीरातील द्रव आणि घट्ट ऊती दाबाखाली फारशा आक्रसत नाहीत, त्यामुळे मणके चेपले जाण्याचा प्रश्न येत नाही. गुन्हेगार आहे तो हवेतला नायट्रोजन.

समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर पाणबुड्या चार वातावरणांच्या दाबाची हवा श्वासातून घेतो आणि त्या प्रमाणात नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. वर येताना दाब कमी झाला की हा नायट्रोजन फुप्फुसांवाटे बाहेर पडायला हवा. त्याला पुरेसा वेळ मिळाला नाही, तर त्याचे बुडबुडे होतात. मनोरंजनासाठी ३० मीटरवर जाणाऱ्याला साधारण २० मिनिटांत वर निघावे लागते ते याच कारणाने. दिवसभर एकामागून एक टाक्या संपवणाऱ्याच्या शरीरातील नायट्रोजन दोन बुड्यांमधल्या वेळेत पुरता निघतच नाही, तो साठत जातो.

आता धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न. मज्जारज्जूच्या पांढऱ्या भागात मायलिन असते, म्हणजे चरबी, आणि चरबीत नायट्रोजन पाण्याच्या सुमारे पाचपट विरघळतो. रक्तपुरवठा मात्र तेथे मेंदूच्या करड्या भागापेक्षा बराच कमी असतो, म्हणून साठलेला वायू हळू निघतो आणि काही बुडबुडे मज्जारज्जूच्या आतच जन्म घेतात. दुसरी गोष्ट अशी की मज्जारज्जूभोवती शिरांचे एक जाळे असते, ज्यात झडपा नसतात आणि रक्त संथ वाहते. बुडबुड्यांनी ते जाळे तुंबले की रक्त आत येते पण बाहेर जात नाही आणि पेशी मरू लागतात. १९७० च्या दशकात कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत हे तुंबणे प्रत्यक्ष दिसले होते. तिसरी वाट रोहिणीतून आलेल्या बुडबुड्यांची आहे. एकाच रुग्णात या वाटा एकत्रही असू शकतात. इजा बहुधा छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर होते, म्हणून हात शाबूत राहतात आणि पाय, मूत्राशय व आतडी सापडतात.

विज्ञानशिक्षक

डॉक्टरांचे आभार. वर्गात मी हेन्रीचा नियम (दाब जितका जास्त, तितका वायू द्रवात जास्त विरघळतो) शिकवताना सोड्याची बाटली उघडून दाखवतो आणि पाणबुड्यांचा उल्लेख करतो. तो दाखला येथे पुरेसा आहे का?

न्यूरोवैद्य

सुरुवातीला चालेल, पण विद्यार्थ्यांना एवढे अवश्य सांगा की नियम पाळून वर आलेल्या अनेक निरोगी पाणबुड्यांच्या शिरांतही बुडबुडे असतात आणि ते अल्ट्रासाउंडने दिसतात. फुप्फुसे ते गाळून टाकतात, म्हणून त्रास होत नाही. आजार केव्हा होतो हे बुडबुडे किती आहेत, कोठे आहेत आणि गाळणी टाळून रोहिणीत शिरतात का, यावर ठरते.

रोखठोक

निकालाबद्दलच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. आपल्या शेजारचा माणूस अपंग झालेला डोळ्यांसमोर असताना जो दहावी टाकी पाठीवर बांधतो, त्याची स्वतःची काहीच जबाबदारी नाही का? शिवाय मी असेही वाचले आहे की हा आजार लिवा मायरिन नावाच्या जलपरीच्या कोपाने होतो, अशी मिस्किटो लोकांची श्रद्धा आहे आणि त्यामुळे ते उपचार घ्यायला उशीर करतात.

उधाण

लिवा मायरिनवरची श्रद्धा खरी आहे. समुद्रातून प्रमाणाबाहेर काढणाऱ्याला ती शिक्षा करते असे ते मानतात. परंतु उशिराचे मुख्य कारण ते नव्हे. पाय लुळे पडलेला माणूस त्याच बोटीवर असतो आणि कप्तान फेरी अर्धवट सोडून परत फिरायला तयार नसतो. किनाऱ्याला लागल्यावरही उपचाराच्या चेंबरपर्यंत (दाबाखाली ऑक्सिजन देणारी बंद खोली) पोहोचण्यात आणखी वेळ जातो, अनेकदा दिवस जातात. दहावी टाकी बांधणाऱ्याबद्दल म्हणाल, तर त्या प्रदेशात रोख पैसे मिळवून देणारा दुसरा उद्योग जवळपास नाही आणि बोटीवर चढण्याआधीच त्याने उचल घेतलेली असते. ‘त्याने नकार द्यायला हवा होता’ असे म्हणण्याआधी नकार देण्याची सोय त्याला होती का, हे पाहिले पाहिजे.

भर_समुद्र

मी काही वर्षे मुंबई हायच्या तेलक्षेत्रात डायव्हिंग सपोर्ट जहाजावर चेंबर सांभाळण्याचे काम केले आहे, म्हणून या वादात एक गोष्ट मांडतो.

मुंबई हायला पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे, म्हणजे मिस्किटो पाणबुड्याच्या जवळजवळ दुप्पट. तेथे सॅच्युरेशन पद्धतीने काम करणारे डायव्हर जहाजावरील चेंबरमध्ये दाबाखालीच राहतात, जेवतात, झोपतात आणि बेलमधून (डायव्हरना खाली नेणारी बंद कोठडी) कामावर उतरतात. त्यांचे शरीर वायूने पूर्ण भरलेले असते, म्हणून काम संपल्यावर दाब उतरवायला तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. ती घाई कोणीही करत नाही, कंपनीचा कितीही खोळंबा झाला तरी करत नाही, कारण वेळापत्रक मोडण्याचा अधिकार जहाजावर कोणालाच नसतो. चौकटीबाहेर काही घडले तर चेंबर पायाशीच असते.

दोन्हीकडचे भौतिकशास्त्र तेच आणि माणसाचा मज्जारज्जूही तोच. फरक आहे तो वेळ कोणाच्या हातात आहे याचा. रोखठोक यांनी विचारलेल्या जबाबदारीचे उत्तर मला तरी येथे दिसते. मजुरी वजनावर ठरली की सावकाश वर येणे हा पाणबुड्याचा तोटा होतो आणि मजुरी दिवसावर ठरली की तो होत नाही.

पिरेयसहून

मी ग्रीसमध्ये राहते. वरची चर्चा वाचताना कालिम्नोस बेटाची आठवण झाली. स्पंज काढणाऱ्यांच्या या बेटांवर १८६० च्या दशकात हवेची नळी जोडलेला पोशाख आला आणि पूर्वी एका दमात बुडी मारणारे लोक तळाशी तासन्‌तास काम करू लागले. त्यानंतरच्या काही दशकांत असंख्य पुरुष मेले किंवा अपंग झाले. कालिम्नोसमध्ये ‘मिखानिकोस’ नावाचे एक लोकनृत्य आजही केले जाते. त्यात पुढचा नर्तक काठीवर भार देतो आणि थरथरत्या पायांनी तोल सावरत चालण्याचा प्रयत्न करतो. मी ते उत्सवात पाहिले आहे. पाहणारे सगळे गप्प होतात, कारण जवळजवळ प्रत्येक घरात असा एखादा पणजोबा होऊन गेलेला असतो.

त्या काळात पाण्याखाली दाबाच्या हवेत पुलांचे पाये खणणाऱ्या मजुरांनाही हाच आजार होत असे. ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली याच आजाराने खचले आणि त्यांच्या पत्नी एमिली यांनी पुढे कामावर लक्ष ठेवले. पॉल बेर यांनी १८७८ मध्ये नायट्रोजनचे कारण दाखवून दिले आणि हॉल्डेन, बॉयकॉट व डॅमंट यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. म्हणजे मिस्किटो पाणबुड्यांना ज्ञानाच्या अभावाने पक्षाघात झाला असे म्हणताच येत नाही. उपाय शंभर वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध होता.

थोरली

मी येथे सहसा लिहीत नाही, पण हा विषय आमच्या घरातला आहे. माझा धाकटा भाऊ परदेशात सुट्टीसाठी डायव्हिंगला गेला होता. त्याचे प्रशिक्षण झालेले होते, मनगटावर कॉम्प्युटर होता आणि त्याने कोणतीही मर्यादा ओलांडल्याची नोंद त्यात नाही. दुसऱ्या बुडीनंतर बोटीवर बसला असताना त्याच्या पाठीत आणि पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे दुखू लागले. टाकी उचलल्यामुळे स्नायू धरला असेल, असे म्हणून त्याला वेदनाशामक गोळी देण्यात आली. मग पायांना मुंग्या आल्या आणि किनाऱ्यावर उतरताना पाय उचलेनात. लघवीची भावना होती, पण लघवी होत नव्हती. बोटीवर ऑक्सिजन असूनही तो लावला गेला नाही, कारण ‘इतक्या नियमात केलेल्या बुडीने तसे काही होणार नाही’ असे सर्वांना वाटले. चेंबरमध्ये तो दुसऱ्या दिवशी पोहोचला.

पहिला एमआरआय जवळपास स्वच्छ आला, तेव्हा एकाने तर हे मानसिक असल्याचे सुचवले. चेंबरच्या अनेक फेऱ्यांनंतर पाय बरेच परतले. तो आता काठी घेऊन चालतो. मूत्राशय मात्र अजून पूर्ण सावरलेले नाही आणि तो ज्याविषयी कोणाशी बोलत नाही ते तेच आहे. डॉक्टर, नियम पाळूनही असे का व्हावे? आणि सुधारणा किती काळ होत राहते?

न्यूरोवैद्य

आपण हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. आपल्या भावाची कहाणी या आजाराची अगदी नमुनेदार मांडणी आहे : पाठीत किंवा पोटाभोवती पट्ट्यासारखी वेदना, मग मुंग्या, मग पायांत अशक्तपणा, मग अडकलेली लघवी. पहिली वेदना कधी कधी काही मिनिटांतच थांबते आणि माणूस निर्धास्त होतो. डाइव्हनंतर पाठ दुखू लागली तर अन्य कारण सिद्ध होईपर्यंत ते मज्जारज्जूचेच दुखणे समजावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

कॉम्प्युटर आपल्या शरीरातला नायट्रोजन मोजत नाही. तो खोली आणि वेळ घेऊन एका गणिती प्रतिरूपावर हिशेब करतो. मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगमध्ये हा आजार दर दहा हजार बुड्यांमागे साधारण दोन ते चार वेळा होतो आणि त्यांतील बऱ्याच जणांनी नियम मोडलेला नसतो. सुमारे चारांपैकी एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात जन्मापासूनची एक फट उघडी राहिलेली असते. एरवी तिचा काही त्रास नसतो, पण शिरांतील बुडबुडे फुप्फुसांची गाळणी टाळून त्या फटीतून रोहिणीत जाऊ शकतात. आपल्या भावाची बबल इको तपासणी (ही फट शोधणारी हृदयाची सोनोग्राफी) झाली नसेल, तर तिच्याविषयी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावे.

एमआरआय स्वच्छ असला तरी निदान खोटे ठरत नाही. हे निदान लक्षणांवरून आणि बुडीच्या इतिहासावरून करायचे असते आणि स्कॅनसाठी चेंबर लांबणीवर टाकणे चूक आहे. चेंबरमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे वेळापत्रक अमेरिकी नौदलाचे ‘टेबल सहा’ आहे. त्यात आधी १८ आणि मग ९ मीटरइतक्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, मध्ये मध्ये थोडा वेळ साधी हवा, असे एकूण पावणेपाच तास चालते. सुधारणा थांबेपर्यंत पुढच्या फेऱ्या देतात. स्टेरॉइडचा यात उपयोग दिसलेला नाही.

मज्जारज्जूची सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक होते, पण त्यानंतरही होत राहते. कोणी एखादी ठरावीक तारीख सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

व्यायामोपचार

थोरली, मी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी फिजिओथेरपी करते. मूत्राशयाचा विषय तुमच्या भावाने बोलला पाहिजे, कारण पायांपेक्षा मूत्रपिंडांना धोका तेथून असतो. ठरावीक वेळाने स्वतःच्या हाताने स्वच्छ कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे करणे शिकता येते आणि त्यानंतर माणूस नोकरीवर जातो, प्रवास करतो. ज्यांची संवेदना कमी आहे त्यांनी बसण्याच्या जागेची त्वचा रोज आरशात पाहावी. मिस्किटो पाणबुड्यांत पक्षाघातानंतर मृत्यू ओढवतो तो मुख्यतः दाबव्रण (सतत एका जागी बसून किंवा पडून होणाऱ्या जखमा) आणि मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे, आणि हे दोन्ही टाळता येण्यासारखे आहेत. चेंबर मिळाले तरी पुढची काळजी मिळाली नाही, तर माणूस वाचला असे मला म्हणवत नाही.

आणखी एक सांगायचे आहे. १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका व्यावसायिक डायव्हरच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला होता. त्याला मज्जारज्जूचा आजार होऊन तो ‘बरा’ झाला होता, आणि नंतर वेगळ्या कारणाने मृत्यू आल्यावर त्याच्या मज्जारज्जूत बऱ्याच मोठ्या भागाची झीज आढळली. म्हणजे उरलेल्या तंतूंवर शरीर निभावून नेत होते. भावाला चालता येऊ लागले म्हणून त्याने पुन्हा पाण्यात उतरण्याचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यूरोवैद्य

या मताला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कमजोरी शिल्लक असताना पुन्हा बुडी नको.

रोखठोक

भर_समुद्र यांचा मजुरीचा मुद्दा मला पटला. पण तोपर्यंत तेथील पाणबुड्याने करायचे काय? काही किनाऱ्यांवर दुखू लागले की पुन्हा पाण्यात खाली जाऊन हळूहळू वर येतात, असे ऐकले आहे. चेंबर दिवसभराच्या अंतरावर असेल तर तो मार्ग का नसावा?

भर_समुद्र

साधी हवा घेऊन खाली गेलात, तर बुडबुडे तात्पुरते लहान होतात आणि शरीरात नवा नायट्रोजन भरतो. वर आल्यावर अवस्था पहिल्यापेक्षा वाईट होऊ शकते, आणि पाय लुळे पडत असलेला माणूस पाण्याखाली स्वतःला सांभाळू शकत नाही. वरून शुद्ध ऑक्सिजनचा पुरवठा, पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा आणि प्रशिक्षित सोबती असतील तर सुमारे नऊ मीटरवर हे करण्याची पद्धत आहे. पण ज्या बोटीवर एवढे सगळे आहे, तिच्यावर बहुधा रेडिओही असतो आणि परतण्याची इच्छाही.

दांडी_मालवण

मी सिंधुदुर्गात प्रशिक्षक आहे. पर्यटकांना आम्ही नेतो ती पहिली बुडी सहा ते नऊ मीटरची आणि थोड्या मिनिटांची असते. त्यात नायट्रोजनचा धोका नगण्य आहे, तेव्हा या धाग्याने घाबरून कोणी सहल रद्द करू नये. तेथे धोका वेगळा आहे. श्वास रोखून झटकन वर आल्यास तीन-चार मीटरवरूनही फुप्फुस फाटू शकते आणि हवा थेट मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नका’ हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.

मला डॉक्टरांना विचारायचे आहे ते नेत्राणी बेट किंवा आंग्रिया बँकेसारख्या (समुद्रात बुडालेले प्रवाळ पठार) २० मीटर आणि अधिक खोलीच्या बुड्यांविषयी. लोक सकाळी दोन बुड्या मारतात आणि संध्याकाळी गाडीने घाट चढून बेळगाव, कोल्हापूर, पुण्याकडे निघतात. विमानाचा नियम सर्वांना माहीत असतो, घाटाचा कोणी विचारत नाही.

न्यूरोवैद्य

अतिशय योग्य प्रश्न आहे. उंचीवर हवेचा दाब आणखी कमी होतो, म्हणून विमानासाठीची शिफारस अशी : एकच साधी बुडी असेल तर किमान १२ तास, एकाहून अधिक बुड्या किंवा अनेक दिवसांचे डायव्हिंग असेल तर किमान १८ तास, आणि टप्प्यांचे थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त. ही शिफारस ६०० ते २४०० मीटर उंचीसाठी आहे, आणि उंची गाडीने गाठली की विमानाने, याचा शरीराला फरक पडत नाही. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे, बेळगाव साडेसातशेच्या. धोका विमानाइतका नाही, पण दिवसभर खोल बुड्या मारून लगेच घाट चढू नये. रात्र किनाऱ्यावर काढून दुसऱ्या दिवशी निघावे.

चेंबरविषयीही एक सूचना करतो. जखमा बऱ्या करण्यासाठी शहरांत जी हायपरबेरिक केंद्रे निघाली आहेत, त्यांतील एका वेळी एकाच माणसाला घेणारी अनेक चेंबरे टेबल सहाच्या दाबासाठी आणि मधल्या हवेच्या विश्रांतीसाठी बनवलेली नसतात. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात या आजाराचा दीर्घ अनुभव आहे. सहलीआधी आयोजकाला तीन गोष्टी विचाराव्यात : बोटीवर ऑक्सिजन किती वेळ पुरेल, तो मुखवट्यातून शंभर टक्के मिळतो का, आणि तुम्ही रुग्णाला कोणत्या चेंबरकडे नेता.

थोरली

हे प्रश्न आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर, असे राहून राहून वाटते. भावाला हा धागा वाचायला दिला. मूत्राशयाविषयी तो पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलणार आहे.

उधाण

मला मज्जारज्जूच का, याचे उत्तर मिळाले आणि त्याबरोबर आणखीही बरेच. होंडुरासच्या समझोत्यात पीडितांना वैद्यकीय उपचार, घरे आणि बोटींची तपासणी यांची तरतूद आहे. भर_समुद्र म्हणतात तसा मजुरीचा पाया बदलला नाही, तर तपासणी कागदावर राहील अशी भीती मात्र वाटते. दांडी_मालवण, तुमच्या बोटींवर लावण्यासाठी मराठीत चार ओळींची सूचना करता येईल का?

दांडी_मालवण

असा मजकूर करतो आहे : “डाइव्हनंतर पाठ किंवा पोटाभोवती दुखणे, पायांना मुंग्या, पाय जड होणे, लघवी न होणे, यांपैकी काहीही झाल्यास लगेच सांगा. रुग्णाला डोके खाली व पाय वर करून झोपवा, ऑक्सिजन लावा, पाणी पाजा, बोट किनाऱ्याकडे वळवा.” डॉक्टरांनी कृपया तपासावे.

न्यूरोवैद्य

डोके खाली करण्याचा सल्ला जुन्या पुस्तकांत होता, आता तो देत नाहीत, कारण त्याने मेंदूची सूज वाढू शकते. ‘सपाट झोपवा’ एवढेच लिहा. पाणी शुद्धीवर असलेल्या आणि उलटी होत नसलेल्यालाच द्यावे. आणि ऑक्सिजनने बरे वाटू लागले तरी तो काढू नये, चेंबरमध्ये पोहोचेपर्यंत चालू ठेवावा, ही ओळ जोडा. बऱ्याच रुग्णांना अर्ध्या तासात आराम पडतो आणि तेव्हाच बोटीवरचे लोक परतण्याचा निर्णय बदलतात.